पावलांचे कागद

माझ्याकडे तेवीस कागद आहेत,
साखरेच्या गोणीचे, जाड, तपकिरी.
प्रत्येकावर एकेका पोराचं उजवं पाऊल.
डावं का नाही, एर्मेलिंदाबाईंनी विचारलं होतं.
पेन्सिल वाचते, म्हणालो.
खरं म्हणजे मला लवकर उरकायचं होतं.
मान वर केली की त्यांचे डोळे दिसत.

वाय्यापंपावर ती माणसं आली
तेव्हा बटाट्याची काढणी चालू होती.
एवढंच सांगतो. बाकीचं
त्या डोंगरातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

पहिल्या वर्षी लिमाहून गाड्या आल्या.
ब्लँकेटं, दुधाची पावडर,
एका खोक्यात चाळीस बाहुल्या, सगळ्यांचे केस पिवळे.
दुसऱ्या वर्षी एकच गाडी आली.
चौथ्या वर्षी पत्र आलं, गुळगुळीत कागदावर,
त्यात 'यशस्वी सांगता' असे शब्द होते.
सर्वांत धाकटी तेव्हा बोबडं बोलत होती.

मग एर्मेलिंदाबाईंनी कचेऱ्यांत जोडे झिजवले.
अक्षरशः. तळ मीच बदलले, तीनदा,
पैसे न घेता.
(एकदा घेतले. ते साल वाईट होतं.)
निधी म्हणजे बिस्किटांचा डबा,
नियम म्हणजे एक ओळ:
दर ऑगस्टला एक जोड, अठरा पुरी होईपर्यंत.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात.
मला ते कागदावर दिसले,
पावलाभोवती पाऊल, पावलाभोवती पाऊल,
कापलेल्या कांद्यासारखे.
सातुर्निनाला गुदगुल्या व्हायच्या,
तिच्या सगळ्या रेघा थरथरलेल्या.
नेमेसिओ अंगठा मुडपून उभा राही,
जमीन पोळत असल्यासारखा.
त्याची मापं मी नेहमी बोटभर वाढवून धरली.

तो पंधराव्या वर्षी खाणीवर गेला.
त्याचे जोडे फळीवर राहिले, तीन ऑगस्टचे तीन जोड.
एकदा आला, प्यायलेला, दारातूनच म्हणाला,
'त्यांच्या बुटांना तळ कुणी ठोकले?'

मी पेन्सिलीला टोक करत राहिलो.
त्या काढणीआधी माझ्याकडे
सहा जोड जाड बूट आले होते.
कुणाचे, ते मी विचारलं नाही.
आलेल्या बुटाला गावातलं कोण विचारतं?
खिळे मात्र मला आठवतात,
एका टाचेला सात.

तो फळीवरचे जोडे न घेताच गेला.
मी ते विकले नाहीत. दर रविवारी पॉलिश करतो.

फोर्तुनाता चार महिन्यांची होती,
गोणपाटाखाली सापडली.
तिची पहिली रेघ माझ्या मधल्या बोटाएवढी.
गेल्या वर्षी तिला अठरा पुरी झाली,
काळा जोड, दोन बंद, आणि वहीत शेवटची सही.
तेवीसचे तेवीस संपले.
त्या रात्री मी नीट झोपलो, हेही सांगून टाकतो.

या ऑगस्टला ती पुन्हा आली.
स्टुलावर बसली, मोजा काढला.
'तुझी अठरा झाली,' म्हणालो.
'ठाऊक आहे.'
'डब्यात काही नाही. आणि बाई तर मार्चमध्ये...'
'ठाऊक आहे. मीच धुतलं त्यांना.'
'पाऊल आता वाढत नाही, पोरी.'
'तरी मोजा.'

मी गुडघ्यावर बसलो.
पेन्सिल जुन्याच रेघेवरून गेली,
इतकी नेमकी, की टाचेपाशी कागद फाटायला आला.
झालं, म्हणून मी हात काढला.
ती उठली नाही.
दुसरा मोजा काढला तिने,
घडी करून मांडीवर ठेवला.

'आता डावं,' म्हणाली.

मी नवा कागद शोधायला उठलो.
वेळ लागला.
मान वर करायची होती.